दारू, वाहन आणि कायदा

मुलांनो, रात्री नाक्यावर पोलीस चालकाला नळीत फुंकायला सांगतात, हे तुम्ही पाहिले असेल. 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले, की मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 खाली गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 पूर्वी हाच दंड 2,000 रुपयांपर्यंत होता! कैद, वकील, हक्क हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत.

अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरांनी तपासले नाही, तर चालकाला कोठडीतून सोडावे लागते. खटला मात्र संपत नाही.

पुष्कळ लोक 'दंड भरून मोकळे होऊ' म्हणून कोर्टात लगेच गुन्हा कबूल करतात. ही घाई महागात पडते. गुन्हा एकदा सिद्ध झाला, की पुढच्या वेळी शिक्षा दोन वर्षांपर्यंत वाढते. परवानाही जाऊ शकतो. म्हणून कबुलीच्या आधीच वकिलाला विचारावे. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 ने दिला आहे. पैसे नसले तरी कोठडीतील माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कित्येकांना हे ठाऊकच नसते, म्हणून ते मागत नाहीत.