आठ दशांशांचा भरवसा

चि. सायली हिस,


रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पांच्या नोंदणीला लागलीस, वाचून आनंद झाला. पण तुझ्या तक्त्यातला पहिलाच आकडा पाहिला आणि पत्र लिहायला बसलो.

फोनवर घेतलेल्या अक्षांशाला तू दशांशचिन्हापुढे ८ आकडे दिलेस. आठवा आकडा म्हणजे साधारण १ मिलिमीटर. फोन तर मोकळ्या आकाशाखालीही ४-५ मीटर इकडेतिकडे जातो. तेव्हा पाचव्या आकड्यापुढची सगळी नुसती शोभा. कशेळीच्या कातळात कोरलेल्या हत्तीपर्यंत पोचायला फोन पुरे. तो १८ मीटरांच्या आसपास लांब आहे. मात्र त्याच्या पोटात कोरलेले प्राणी नकाशावर जागच्या जागी बसवायचे, तर बेस आणि रोव्हर ही उपग्रहांचे संदेश घेणाऱ्या यंत्रांची जोडी हवी. पक्क्या खुणेवर बसलेला बेस उपग्रहांच्या संदेशातली चूक ओळखून रोव्हरला कळवतो. मग जागेतली चूक १-२ सेंटिमीटरवर येते.

माणसाची चूक मात्र यंत्र सुधारत नाही. रोव्हर ज्यावर बसतो तो २ मीटरचा पोल एका अंशाने कलला, तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. म्हणून पोलवरचा बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय बटण दाबू नकोस. माझ्या पहिल्या मोसमात मी पोलची उंची वहीत लिहिलीच नाही. २ मीटर होती की १.८०, काही केल्या आठवेना. आठवड्याभराच्या उंच्या बाद कराव्या लागल्या.

समुद्रकाठी उंची उणे ६० मीटरच्याही खाली दिसली, तर यंत्र बिघडलं समजू नकोस. ते समुद्रसपाटीपासून नव्हे, गणिती लंबगोलापासून मोजतं. जुन्या टोपोशीटचा लंबगोल एव्हरेस्टचा, उपग्रहांचा डब्ल्यूजीएस-८४. रूपांतर न करता एकावर दुसरं ठेवलंस, तर शिल्प शेजारच्या सर्व्हे नंबरात जाऊन बसेल.

तेव्हा प्रत्येक बिंदूपुढे यंत्र, पोलची उंची, लंबगोल आणि चूक किती असू शकेल, एवढं लिहीत जा. बेसच्या खुणेचा फोटो काढ; पुढच्या मोसमात तीच खूण सापडली पाहिजे. सड्यावर चिरेखाणी सरकत येतात. उद्या हद्दीचा वाद निघाला, तर शिल्पाच्या बाजूने बोलायला तुझी वहीच असेल.

कळावे,
तुझा मामा