नव्या ट्रकवरचा ओरखडा

नवा ट्रक दारात आला की त्याच्या केबिनला झेंडूचा हार चढतो, पुढे लिंबू-मिरची लटकते. परंतु ट्रक हा काही शोभेसाठी उभा करून ठेवण्याचे वाहन नव्हे. उसाच्या फडात, खडीच्या खाणीवर, बाजाराच्या अरुंद गल्लीत त्याला जावेच लागते. मग एखादी बाभळीची फांदी दारावर लांब रेघ ओढून जाते. मालक हळहळतो, चालक म्हणतो, "एवढ्याने काय होतंय?" यांपैकी खरे कोणाचे? ओरखडा किती लांब आहे यावरून हे ठरत नाही. तो किती खोल गेला आहे, यावरून ठरते.

रंगाचे थर

केबिनचा पोलादी पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरचा रंग आपल्याला एकसंध वाटला तरी तो अनेक थरांचा बनलेला असतो. पत्रा स्वच्छ धुऊन त्यावर प्रथम फॉस्फेटचा अतिशय पातळ लेप देतात. त्यामुळे पुढचे थर घट्ट धरून राहतात. नंतर केबिन अस्तराच्या पातळ रंगाने भरलेल्या हौदात बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. रंगाचे विद्युतभारित कण पत्र्याकडे ओढले जातात आणि कानाकोपऱ्यांतही सारखे बसतात. मोटारींसाठी ही पद्धत १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या प्रयत्नांतून पुढे आली. यानंतर बारीक खड्डे बुजवणारे दुसरे अस्तर, त्यावर डोळ्यांना दिसणारा रंग आणि पुष्कळ गाड्यांवर सर्वांत वर एक पारदर्शक थर देतात.

हे सारे मिळून जाडी किती? सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग! डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाहून थोड्याशाच जाड अशा या आवरणावर पत्र्याचे सारे रक्षण अवलंबून असते.

पांढरी रेघ कोठून आली?

लाल दारावरचा उथळ ओरखडा पांढरट दिसतो. तेथे पांढरा रंग तर कोणी लावलेला नाही! गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करतो; ओरखड्याच्या खडबडीत कडा तोच प्रकाश चहूकडे विखुरतात. विखुरलेला हा प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो.

एक सोपा प्रयोग करा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीवर ओरखडा काढा आणि त्यावर खोबरेल तेलाचा थेंब चोळा. रेघ जवळजवळ नाहीशी होईल. तेलाचा अपवर्तनांक प्लॅस्टिकच्या अपवर्तनांकाच्या जवळ असतो. म्हणून खाच तेलाने भरली की प्रकाश तेथे फारसा विखुरत नाही. तेल पुसले की रेघ पुन्हा हजर! गाडीवर चोळलेले मेणही पुष्कळदा हेच करते. ते ओरखडा लपवते, बुजवत नाही.

पत्रा उघडा पडला तर

ओरखडा पोलादापर्यंत पोचला की प्रश्न दिसण्याचा राहत नाही. तेथे पाणी आणि ऑक्सिजन ही दोन्ही पोचतात. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच जवळच्या दुसऱ्या जागी जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी ते स्वीकारतात. थोडक्यात, ओरखड्यात एक चिमुकला विद्युतघट सुरू होतो. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते; म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत गाड्या लवकर गंजतात.

गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो शेजारचा चांगला रंगही उचलतो, त्याखाली पाणी शिरते आणि रंगाला फुगे येतात. शिवाय गंज सच्छिद्र असल्याने आतल्या लोखंडाला त्याचे संरक्षण मिळत नाही. रेघेएवढी जखम अशी हळूहळू तळहाताएवढी होते.

खोलीप्रमाणे उपाय

प्रथम ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. आता ओरखड्यावरून नख आडवे फिरवा.

१. नख अडकत नाही : ओरखडा वरच्या थरातच आहे. घासण्याची बारीक पेस्ट मऊ कापडाने हलकेच चोळावी. खाचेच्या कडा झिजून पृष्ठभाग सपाट होतो. मात्र थर मुळातच पातळ. फार घासले तर तोच निघून जाईल.

२. नख अडकते, आत राखाडी अस्तर दिसते : त्याच छटेचा रंग बारीक कुंचल्याने पातळ हातांनी भरावा. एक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. एकदम जाड हात दिला तर वरची साय आधी वाळते, आतले द्रावक अडकते आणि रंग सुरकुततो.

३. चकचकीत धातू किंवा तपकिरी डाग दिसतो : येथे उशीर नको. वॉटर पेपरने सगळा गंज काढून धातू उघडा करावा, पूर्ण वाळवावा, मग गंजरोधक अस्तर आणि त्यावर रंग द्यावा. गंज तसाच ठेवून वरून रंग दिला तर तो रंगाखाली वाढतच राहतो. घासताना नाकावर फडके बांधावे आणि हे काम मोकळ्या हवेत करावे.

खिळ्यांचा प्रयोग

जस्ताचा मुलामा नसलेले चार लोखंडी खिळे साबणाने धुऊन कोरडे करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला नखपॉलिशचे दोन हात सर्व बाजूंनी द्या. तिसऱ्यालाही तसेच द्या. पण वाळल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यावर पात्याने धातूपर्यंत ओरखडा काढा. चौथ्याला प्रयोगशाळेतील जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. चार परीक्षानळ्यांत मिठाचे पाणी अर्ध्यापर्यंत घेऊन एकेक खिळा सोडा आणि आठ दिवस रोज नोंद करा. तिसऱ्या खिळ्यावर गंज कोठून सुरू होतो आणि कोणत्या दिशेने सरकतो, ते पाहा.

चौथा खिळा उघडा असूनही का टिकतो? जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते आणि स्वतः झिजून लोखंड वाचवते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा याच तत्त्वाने, जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून वाचवला होता. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर लहान ओरखडा आला तरी तो लगेच गंजत नाही, याचे कारण हेच.

रंग जपावा कसा?

रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते रंगाहून खूप कठीण असतात. म्हणून कोरड्या फडक्याने ट्रक पुसणे म्हणजे त्यावर पॉलिश पेपर फिरवणेच होय. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग मऊ कापड लावावे. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी धुवावा. चाकांमागे चिखलरोधक रबर लावावे; त्याने उडणारी खडी अडते. मेणाचा पातळ लेप पाणी टिकू देत नाही. मात्र तो झिजतो, म्हणून अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

आता मालक आणि चालक यांच्या वादाचा निकाल तुम्हीच लावा. नख आणि डोळे एवढी साधने त्यासाठी पुरेशी आहेत.

विचार करा :
१. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर ओरखडा आला तरी तो लोखंडासारखा खोल का गंजत जात नाही?
२. तुमच्या सायकलच्या मडगार्डवर गंज प्रथम कोठे दिसतो? का?