बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करण्याची रीति

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ह्या कार्यप्रणालीस नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचा क्रम मायक्रोसॉफ्टनें संपविला. विंडोज ११ तर टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-योजना संगणकांत असावी असें मागते. ती नसलेले पुष्कळ संगणक धडधाकट असूनहि निरुपयोगी मानले जातात. ज्या पालकांनीं काटकसर करून मुलांसाठीं असा संगणक घेतला, त्यांनीं तो भंगारांत घालण्यापूर्वीं हा पाठ वाचावा, एवढीच विनंति.

प्रथम 'बूट' म्हणजे काय तें पाहूं. वीज मिळतांच संगणकाच्या मुख्य फलकावरील यूईएफआय हा कार्यक्रम जागा होतो. तो साठवणीच्या साधनांवर आरंभक शोधतो. आरंभक कार्यप्रणालीचा गाभा स्मृतींत आणतो. आणि मग गाभा सर्व कारभार हातीं घेतो. स्वतःच्या बुटाची पट्टी धरून स्वतःसच वर उचलणें, अशी इंग्रजींत एक म्हण आहे. तीवरून हा शब्द निघाला.

ह्यावरून ध्यानांत येईल कीं, आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती उतरवून घेतल्यानें काम होत नाहीं. ती फाइल म्हणजे एका संपूर्ण चकतीची प्रतिमा होय. आरंभक तिच्या पोटांत दडलेला असतो व यूईएफआयला तो तेथें सांपडत नाहीं. म्हणून ती प्रतिमा उलगडून पेनड्राइव्हवर मांडावी लागते.

आतां कृति सांगतों.

पहिली पायरी निवडीची. डेबियन ही लिनक्स-कुळांतील कार्यप्रणाली विनामूल्य मिळते. १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तिच्याच पायावर 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली रचली असून तींत मराठीहि वापरतां येते. फाइल घ्यावी ती मूळ संस्थेच्या स्थळावरूनच.

दुसरी पायरी पारखण्याची. नाशिक रोडच्या मुलांस ही निराळी समजावून सांगावयास नको. येथील करन्सी नोट प्रेसमध्यें १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. आणि संशय येतांच नोट उजेडापुढें धरून आपण जलचिन्ह पाहतों. तसाच फाइलीचा एसएचए-२५६ नांवाचा ६४ अक्षरांचा ठसा असतो. रूफस ह्या विनामूल्य साधनांत बरोबरच्या खुणेचें बटण दाबलें असतां तो दिसतो. स्थळावर छापलेल्या ठशाशीं तो ताडून पाहावा. एक अक्षर जरी चुकलें, तरी ती फाइल टाकून नवी घ्यावी.

तिसरी पायरी लिहिण्याची. आठ जीबीचा पेनड्राइव्ह लावून रूफस उघडावें, वरच्या चौकटींत पेनड्राइव्ह व तिच्याखालीं आयएसओ फाइल निवडावी, आणि 'स्टार्ट' दाबावें. पेनड्राइव्हवरील पूर्वींचें सर्व कांहीं येथें पुसलें जातें! एकदां मीं दोन पेनड्राइव्ह एकाच वेळीं लावले होते. यंत्रानें इशारा दिला; तो न वाचतांच मीं होकार भरला. दुसऱ्या पेनड्राइव्हवर माझ्या दिवंगत मातोश्रींच्या आवाजाचें एकुलतें एक मुद्रण होतें. तें पुनः मिळालें नाहीं. तेव्हांपासून मी ह्या कामीं एकच पेनड्राइव्ह लावतों आणि त्याचें नांव व आकार मोठ्यानें वाचतों. तुम्हीहि तसेंच करा.

चौथी पायरी बसविण्याची. पेनड्राइव्ह लावून संगणक पुनः सुरू करावा व लगेच एफ१२, एफ२, एस्केप अथवा डिलीट ह्यांपैकीं त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून यूएसबी निवडावी. 'लाइव्ह' प्रकारची प्रतिमा असेल तर कांहींहि न बसवितां कार्यप्रणाली चालवून पाहतां येते. आवाज, वायफाय व कळफलक ठीक चालतात असें दिसल्यावरच पुढें जावें. संपूर्ण डिस्क पुसण्याची संमति देण्यापूर्वीं छायाचित्रें, गुणपत्रिका, हिशेब हें सर्व दुसऱ्या साधनावर उतरवून, तें तेथें उघडतें कीं नाहीं हेंहि पाहावें.

पालकांस शेवटीं एक सुचवितों. हें काम मुलाजवळ बसून करावें. कोणती कळ दाबावी हें मुलास ठाऊक असेल. परंतु घरांतील कोणती वस्तु पुसूं नये, हें तुम्हांसच ठाऊक असतें.