लॅपटॉप गेला, एसएसडी उरली

प्रश्न : मी लग्नांच्या शूटिंगची कामं करतो. माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्ती परवडणारी नव्हती, म्हणून कारागिराने आतली ५१२ जीबीची एसएसडी काढून हातात दिली. बोटभर लांबीची पातळ पट्टी आहे. ती बाहेरून जोडून हार्डडिस्कसारखी वापरता येईल का? आणि म्हणतात तेवढा वेग खरंच मिळतो का?
— एक वाचक, नामपूर, ता. बागलाण

उत्तर : वापरता येईल आणि जरूर वापरा. तुमच्याकडची पट्टी एम.२ प्रकारची दिसते. २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब. ती बसवायला एक छोटी डबी मिळते. दुकानात तिला एन्क्लोजर किंवा नुसतं केसिंग म्हणतात. पट्टीची भाषा वेगळी आणि यूएसबीची वेगळी, म्हणून डबीत एक दुभाषी चिप असते.

डबी घेण्याआधी पट्टीवरचं लेबल वाचा. सारख्याच दिसणाऱ्या या पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. पितळी दातांमध्ये एकच खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. साटा पट्टी फक्त एनव्हीएमईसाठी केलेल्या डबीत बसते अगदी नीट, पण संगणकाला दिसत नाही, आणि माणूस समजतो पट्टीच गेली. दोन्ही जाती चालवणारी डबी मिळत असेल तर तीच घ्या.

आता वेगाचं. मोसम नदीवरचे जुने बंधारे आणि त्यांवर चालणारी फड पद्धत तुमच्या भागाला नवी नाही. बंधाऱ्यात पाणी कितीही असो, शेतात येतं ते चारीला झेपेल तेवढंच. इथेही हिशेब चारीचाच आहे. चांगली एनव्हीएमई पट्टी लॅपटॉपच्या आत सेकंदाला ३,००० एमबीच्या पुढे वाचते. तीच १० गिगाबिटच्या यूएसबीवर साधारण ९०० ते १,००० एमबी देते, ५ गिगाबिटच्या पोर्टवर ४०० च्या आसपास आणि जुन्या यूएसबी २.० वर जेमतेम ३५ ते ४०. म्हणजे १०० जीबीचं शूटिंग पहिल्या वाटेने दोनेक मिनिटांत उतरेल, शेवटच्या वाटेने पाऊण तासात. पट्टी तीच, डबी तीच. अनेकदा दोष निघतो केबलचा. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात बहुधा यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात. डबीसोबत आलेली केबल जपून ठेवा.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीने यातला खरा मुद्दा वेगळाच आहे. कॅमेऱ्याचं एसडी कार्ड यूएचएस-१ प्रकारचं असेल, तर साध्या रीडरमधून ते सेकंदाला १०४ एमबीपेक्षा जास्त देऊ शकत नाही. १०० जीबी उतरायला सोळा-सतरा मिनिटं लागणारच. तिथे एसएसडी घेऊन फारसं काही वाचत नाही. तिचा फायदा एडिटिंगला बसल्यावर कळतो. क्लिप तिच्यावरच ठेवून थेट टाइमलाइनवर ओढा. पुढे-मागे करताना फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला जी धाप लागते, ती इथे लागत नाही. मला विचाराल तर एवढ्यासाठीच ही डबी घ्यावी.

उन्हाळ्यात मात्र सांभाळा. सलग मोठी फाइल लिहिताना एनव्हीएमई पट्टी चांगलीच तापते आणि जळू नये म्हणून आपणच वेग कमी करते. मालेगाव-बागलाणच्या मे महिन्यात तर लवकरच. ॲल्युमिनियमची डबी घ्या, सोबतचा उष्णता वाहणारा मऊ पॅड नीट चिकटवा. कॉपी चालू असताना ती गादीवर किंवा बॅगेत ठेवू नका.

पट्टी जोडल्यावर विंडोज लगेच ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. जुन्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं माहितीला लागणारं कुलूप, चालू असल्याची ती खूण. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॉगिन करून शोधा. ती मिळाल्याशिवाय आतली जुनी कामं कोणताही कारागीर काढून देऊ शकणार नाही. नव्याने फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालेल. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, व्हिडिओला ते निरुपयोगी. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल निघाली तर फाइल अर्धवट राहते, कधी सगळी यादीच बिघडते. डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएस हवाच.

ही पट्टी कामाची जागा आहे, तिला कायमचं कोठार समजू नका. एसएसडीमधली माहिती अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू ओसरतो, उष्णतेत अधिक लवकर. लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात, विजेविना एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. तुमची पट्टी तेवढी झिजलेली नसेल, तरी वापरलेली आहे. शिवाय हार्डडिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, एसएसडी एका सकाळी दिसेनाशीच होते. म्हणून पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाची एक प्रत साध्या हार्डडिस्कवर आणि एक ग्राहकाच्या हाती द्या.

फॉरमॅट करण्याआधी जुन्या पट्टीतली सगळी कामं दुसरीकडे उतरवा, दोन-चार फाइली उघडून चालवून पाहा आणि मगच पुढचं लग्न तिच्यावर घ्या.