सर्किट बोर्ड घरी बनवावा की कारखान्यातून मागवावा?
तांबे, पाणी आणि हिशेब यांचा एक पाठ

खानदेशातील कोणत्याही केळीच्या बागेत जावे, विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत मोटारीचा स्टार्टर दिसतोच. त्याचे झाकण उघडले की आत एक हिरवी पाटी असते. तिन्ही फेज आहेत की नाहीत, वीज आल्यावर मोटार केव्हा सुरू करायची, विहिरीचे पाणी आटले तर ती केव्हा थांबवायची, हे सारे ती पाटी ठरवते. आपल्या शाळेतील अनेक मुले शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांतून येतात. ही पेटी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. पाटी मात्र त्यांना परकी वाटते. ती कुठूनतरी तयार होऊन येते आणि बिघडली की बदलायची असते, एवढीच त्यांची समजूत असते.

त्या पाटीला प्रमाणभाषेत मुद्रित परिपथ फलक म्हणतात. बाजारात आणि वर्कशॉपमध्ये तिला पीसीबी किंवा सर्किट बोर्ड म्हणतात, आणि या लेखात आम्ही तोच शब्द वापरणार आहोत. प्रश्न साधा आहे. विद्यार्थ्याने किंवा लहान उद्योजकाने असा बोर्ड स्वतः घरी बनवावा, की आराखडा तयार करून कारखान्याकडून पाच-दहा नग मागवावेत? दोन्ही मार्गांनी काम होते. मात्र दोन्हींत पैसा, वेळ, पाणी आणि शिक्षण यांची किंमत निरनिराळी पडते. ती नीट मोजता यावी, हा या पाठाचा हेतू आहे.

बोर्ड म्हणजे काय?

काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. त्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनही किंचित जास्त. नको असलेले तांबे काढून टाकले की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. ही कल्पना व्यवहारात आणणाऱ्यांत पॉल आयस्लर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ते व्हिएन्नाचे ज्यू अभियंता. मायदेशात ज्यूंसाठी दारे बंद होत चालली, तेव्हा १९३६ मध्ये ते लंडनला आले. तेथे त्यांनी छापील तांब्याच्या रेषांवर चालणारा रेडिओ तयार केला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्यांत पसरले. समाजाने बाहेर ढकललेल्या माणसाच्या बुद्धीने जगाचे काम कसे हलके होते, याचे हे एक उदाहरण आहे. आपल्या वाचकांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

घरी बनवण्याची रीत

घरगुती रीतीला टोनर ट्रान्सफर म्हणतात. संगणकावर आराखडा काढून तो लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापावा. कागदावरचे चित्र तांब्यावर उलटे उमटते. म्हणून आराखड्यात एखादे अक्षर जरूर घालावे. तांब्यावर ते सुलटे वाचता आले तर दिशा बरोबर आहे. तांब्याची पाटी स्टीलच्या घासणीने घासून तेलकटपणा काढावा, तिच्यावर कागद ठेवून गरम इस्त्री दाबावी, आणि मग पाण्यात भिजवून कागद सोडवावा. टोनरची काळी रेघ तांब्यावर राहते. ती तुटली असेल तेथे पक्क्या शाईच्या पेनाने जोडून घ्यावी.

त्यानंतर पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. टोनरखालचे तांबे वाचते, उघडे तांबे विरघळते. भांडे प्लॅस्टिकचे किंवा काचेचेच हवे, कारण हे द्रावण ॲल्युमिनियमला खाऊन टाकते. द्रावण करताना फेरिक क्लोराइड थोडे थोडे पाण्यात घालावे. त्यावर पाणी ओतू नये, कारण उष्णता एकदम निर्माण होते. द्रावण चाळीस-पन्नास अंशांपर्यंत कोमट असेल आणि पाटी हलवत ठेवली, तर काम साधारण अर्ध्या तासात होते. शेवटी टोनर पुसून ०.८ ते १ मिलिमीटरच्या ड्रिलने छिद्रे पाडायची. काचतंतूची धूळ फुफ्फुसांना घातक असते. म्हणून तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे यांच्याशिवाय हे काम कोणाही मुलाकडून करवून घेऊ नये.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ भरवशाने उमटत नाही. दोन्ही बाजूंना तांबे असेल तर छिद्रांच्या आतून तांब्याचा मुलामा देता येत नाही, तेथे तार घालून दोन्हीकडून सोल्डरिंग करावे लागते. हिरवा संरक्षक थरही नसतो. त्यामुळे पावसाळ्यातील दमट हवेत उघडे तांबे लवकर काळे पडते.

दोन ग्रॅम तांब्याचे गणित

आता या रीतीतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पाटीवर, ३५ मायक्रॉन जाडी धरली, तर ०.३५ घन सेंटिमीटर तांबे असते. तांब्याची घनता सुमारे ८.९६ असल्यामुळे त्याचे वजन तीन ग्रॅमपेक्षा थोडे अधिक भरते. त्यातील दोन तृतीयांश तांबे विरघळले असे धरू. म्हणजे एका बोर्डमागे दोन ग्रॅम तांबे द्रावणात गेले.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. दोन ग्रॅम म्हणजे २,००० मिलिग्रॅम. म्हणजे एका बोर्डाचे वापरलेले द्रावण सुमारे १,३०० लिटर पाणी मुभेच्या सीमेपर्यंत नेऊ शकते, आणि स्वीकारार्ह मर्यादेचा विचार केला तर ४०,००० लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना हा आकडा लगेच कळेल: दहा हजार लिटरचे चार टँकर. तीस मुलांच्या वर्गाने प्रत्येकी एक बोर्ड बनवला आणि द्रावण मोरीत ओतले, तर काय होईल याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. निवासी शाळेची विहीर, शोषखड्डा आणि भाजीचा वाफा यांच्यामध्ये फार अंतर नसते.

भगवान बुद्धांनी उपासकांसाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. विष विकणे जसे वर्ज्य, तसे ते नकळत शेजाऱ्याच्या पाण्यात सोडणेही वर्ज्यच, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. म्हणून द्रावण एकदा वापरून फेकू नये. झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये नाव लिहून ठेवावे आणि पुन्हा पुन्हा वापरावे. ते अगदी मंद झाले की त्यात धुण्याचा सोडा हळूहळू घालावा. फेस येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. तांबे गाळाच्या रूपाने तळाशी बसते. हा गाळसुद्धा धोकादायक कचराच आहे. तो वाळवून, बंद डब्यात साठवून, महाविद्यालयाच्या रसायन विभागामार्फत किंवा औद्योगिक वसाहतीतील अधिकृत यंत्रणेमार्फतच मार्गी लावावा. एवढी सोय होत नसेल, तर घरी तांबे विरघळवण्याचा उद्योग करू नये.

कारखान्यातून मागवण्याची रीत

कारखान्याला चित्र पाठवून चालत नाही, विशिष्ट फाइली लागतात. तांब्याच्या थरांच्या, हिरव्या आवरणाच्या आणि अक्षरांच्या फाइलींना गर्बर फाइली म्हणतात. छिद्रांची फाइल वेगळी असते. त्या तयार करण्यासाठी कीकॅड नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील प्राध्यापक झाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते लिहायला घेतले. पुढे सर्न या अणुसंशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. ज्या साधनाने मोठ्या प्रयोगशाळा बोर्ड आखतात, तेच साधन साक्री किंवा चोपड्याच्या मुलाला फुकट मिळते. यासाठी शहरात जाण्याची गरज नाही. एक जुना संगणक आणि चिकाटी पुरते.

फाइली गांधीनगर, बेंगळुरू किंवा चीनमधील शेनझेन येथील कारखान्यांना पाठवता येतात. पाच-दहा नगांची मागणीही ते घेतात, कारण अनेकांचे लहान आराखडे एकाच मोठ्या पत्र्यावर मांडून ते एकदम काढतात. मिळणारा बोर्ड दोन्ही बाजूंचा असतो, छिद्रांना आतून मुलामा असतो, वर हिरवे आवरण असते, आणि ०.१५ मिलिमीटरपर्यंतची रेघ स्वच्छ येते. तांबे तेथेही विरघळतेच. पण ते एका ठिकाणी, शुद्धीकरणाच्या सोयीसह आणि कायद्याच्या देखरेखीखाली विरघळते.

या मार्गात वाट पाहावी लागते, आणि आराखड्यातील चूक सर्व नगांत छापली जाते. त्यावर एक साधा उपाय आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी आराखडा खऱ्या मापात कागदावर छापावा आणि रिले, कनेक्टर, ट्रान्झिस्टर असे प्रत्यक्ष सुटे भाग त्यावर ठेवून पाहावेत. पाय छिद्रांवर बसले नाहीत, तर चूक कागदावरच सापडते. सॉफ्टवेअरमधील नियमतपासणी चालवल्याशिवाय तर फाइल पाठवूच नये.

पैशाचा आणि वेळेचा हिशेब

पुढील आकडे हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. भाव प्रत्येकाने त्या वेळी विचारून घालावेत. समजा, घरी एका बोर्डला १२० रुपयांचे साहित्य लागते. कारखान्याचा ठरावीक खर्च, टपालासह, ९०० रुपये आहे आणि त्यावर प्रत्येक नगाला ३० रुपये. दोन्ही खर्च दहा नगांना समान होतात: घरी १,२०० आणि कारखान्यात ९०० अधिक ३००, म्हणजे १,२००. दहापेक्षा कमी हवे असतील तर घर स्वस्त, जास्त हवे असतील तर कारखाना.

पण यात श्रमाची किंमत धरलेली नाही. एका बोर्डला दोन तास लागतात आणि तासाचे पन्नास रुपये धरले, तर घरचा बोर्ड २२० रुपयांना पडतो. मग पाच नगांनाच पारडे फिरते: घरी १,१००, कारखान्यात १,०५०. आपल्या समाजाचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाबाहेर ठेवले गेले. म्हणून आपल्या मुलांनी हिशेब मांडताना स्वतःचे तास पहिल्या ओळीत लिहावेत, असा आमचा आग्रह आहे.

केव्हा काय निवडावे?

परिपथ चालतो की नाही हेच पाहायचे असेल, तर दोन्ही मार्ग बाजूला ठेवावेत. ब्रेडबोर्डवर जोडणी करावी, आणि ती टिकाऊ हवी असेल तर तयार छिद्रांच्या झीरो पीसीबीवर सोल्डरिंग करावे. वसतिगृहाच्या टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारा परिपथ याच रीतीने शिकवता येतो. बीसी ५४७ सारखे दोन-तीन ट्रान्झिस्टर, काही रोधक, एलईडी, पाच-नऊ व्होल्टची वीज आणि पाण्यात स्टेनलेस स्टीलचे टोक एवढे साहित्य पुरते. तांब्याची उघडी तार पाण्यात सोडू नये, एकदिश प्रवाहाने ती झिजत जाते.

एकच नग आजच हवा असेल, रेषा जाड असतील आणि द्रावणाची विल्हेवाट लावण्याची सोय असेल, तर घरी बनवावा. पाच किंवा अधिक नग, दोन्ही बाजूंचा आराखडा, बारीक पायांची चिप, किंवा शेतात ऊन-पावसात राहणारे उपकरण असेल, तर मागवावा. आणि जेथे २३० व्होल्टची घरगुती किंवा ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज बोर्डवर येते, तेथे घरचा बोर्ड वापरूच नये. अशा ठिकाणी विजेच्या आणि कमी दाबाच्या रेषांत किमान सहा ते आठ मिलिमीटरचे अंतर, संरक्षक आवरण आणि जाणत्या माणसाची तपासणी या तिन्ही गोष्टी हव्यात. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणारा माणूस आपलाच बाप किंवा भाऊ असतो.

हात आणि बुद्धी

चाळीसगावजवळ सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोरे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेली यक्षाची एक पाषाणमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असा लेख मूर्तीवरच कोरलेला आहे. सोने घडवणाऱ्या हाताने दगड घडवला आणि संघाच्या लेण्यात त्याचे नाव राहिले. कारागिराचे नाव कोरण्याइतका मान ज्या परंपरेने दिला, तिचे आपण वारस आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. त्या काळात त्यांनी कामगारांच्या हक्कांइतकेच विजेच्या नियोजनाकडे लक्ष दिले, आणि १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड उभे राहिले. तंत्रज्ञान हा वरच्या वर्गाचा विषय आणि अंगमेहनत हा आपला, ही वाटणी त्यांनी मान्य केली नाही.

म्हणूनच बोर्ड कारखान्यातून मागवणे म्हणजे हाताची कला सोडणे, असे आम्ही मानत नाही. पत्रा गांधीनगरला कापला गेला, तरी आराखडा जळगावात किंवा धुळ्यात झाला असेल तर विद्या येथेच राहते. उलट आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांसमोर तांबे विरघळताना पाहिलेला विद्यार्थी आराखडा अधिक शहाणपणाने काढतो. रेघ किती जाड असावी, छिद्र कोठे असावे, हे त्याच्या हाताला माहीत असते.

यावरून शाळेसाठी आम्ही एक क्रम सुचवतो. आठवीत झीरो पीसीबीवर सोल्डरिंग. नववीत शिक्षकाच्या देखरेखीखाली संपूर्ण वर्गाने मिळून एकच बोर्ड घरगुती रीतीने करावा, आणि त्याच्या द्रावणाची विल्हेवाट लावण्याचा पाठही तेवढ्याच गांभीर्याने घ्यावा. दहावीत प्रत्येक गटाने कीकॅडवर आराखडा काढावा. त्यांतील तपासून उत्तम ठरलेला आराखडा दहा नगांसाठी कारखान्याकडे पाठवावा. पॉलिटेक्निक, आयटीआय किंवा भुसावळच्या रेल्वे विभागात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार हे आराखडे तपासण्यासाठी दिला, तर ते दान पैशाच्या दानापेक्षा कमी ठरणार नाही.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की, केवळ परंपरा आहे म्हणून किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून स्वीकारू नका, हित आणि अहित स्वतः पारखून घ्या. घरचा बोर्ड की कारखान्याचा, या लहानशा प्रश्नालाही तोच न्याय लागू पडतो. आमचे आकडेही पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वजनकाट्यावर आणि वहीत पुन्हा तपासून घ्यावेत.

नमो बुद्धाय! जय भीम!