पॅक उघडण्याआधी थोडं बोलू

पुण्यात शिकायला आलीस, कॉट बेसिसवर राहतेस, दिवसभर कॉलेज नाहीतर अभ्यासिका, आणि रात्री मेसचं जेवण आटोपलं की फोनवर कार्डांचा गेम उघडतेस. उघड, खुशाल उघड. मीही खेळते आणि मला तो मनापासून आवडतो. त्यामुळे "बंद कर ते" असं मी सांगणार नाही. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे, कारण ती गेम स्वतःहून सांगत नाही.

या प्रत्येक गेममध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, डाव आणि दुकान. डावात तुझं डोकं चालतं, दुकानात नशीब, कारण तिथं मिळतात ते कार्डांचे बंद पॅक, आत काय निघेल ते न सांगणारे. डाव खेळून माणूस तरबेज होतं. पॅक उघडून फक्त पुढचा पॅक उघडावासा वाटतो. ही दोन्ही वेगळी ठेवता आली, तर एक रुपयाही न देता वर्षानुवर्षं मजेत खेळता येतं. आजचं माझं सगळं बोलणं एवढ्यासाठीच.

आधी डावाबद्दल. गणपतीत जागरणाला आपण मेंढीकोट, झब्बू, बदाम सात खेळतो, तेव्हा 52 पानं सगळ्यांना सारखीच असतात. पिसायची, वाटायची आणि हातात येईल त्यावर खेळायचं. 1993 मध्ये रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ आला आणि त्यात प्रत्येक खेळाडू आपला जोड आपणच बांधून आणू लागला. तू फोनवर खेळतेस ते सगळे गेम याच कल्पनेतून आले. 2014 मध्ये आलेल्या हार्थस्टोनमध्ये 30 कार्डांचा डेक, म्हणजे जोड, लागतो, पोकेमॉन टीसीजी पॉकेटमध्ये 20 कार्डांचा, तर मार्व्हल स्नॅपमध्ये फक्त 12 कार्डं आणि बहुतेक वेळा सहा फेऱ्यांत निकाल. खरी गंमत इथंच आहे. आवडती कार्डं पन्नास असतात आणि जागा वीसच. काय सोडायचं हे ठरवताना डोक्याला जो व्यायाम होतो, तो मला फार मोलाचा वाटतो. समोरचीच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधणं, आत्ता हल्ला करायचा की एक फेरी थांबायचं हे ठरवणं, हरल्यावर आपला डाव नेमका कुठे घसरला ते शोधणं, हे सगळं शिकण्यासारखं आहे. कच्छमधल्या भुजच्या तीर्थ मेहताने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. तो प्रकार तेव्हा प्रदर्शनीय होता, पदकतक्त्यात मोजला गेला नाही. पण तिथवर पोचायला काय लागतं ते बघ. डाव वाचण्याची तयारी लागते. ती कुठल्याही पॅकमधून निघत नाही.

आता दुकान. पोकेमॉनच्या त्या पॉकेटमध्ये दर 12 तासांनी एक पॅक मोफत मिळतो, म्हणजे दिवसाला दोन, आणि प्रत्येकात साधारण पाच कार्डं. पॅक फाडायची ती हालचाल, तो चमचमाट, शेवटचं कार्ड उलटण्याआधीचा तो क्षण, हे सगळं विचारपूर्वक रचलेलं आहे. छान वाटतं ना? वाटू दे. फक्त त्यामागचा हिशेब माहीत असू दे. कोणतं कार्ड किती टक्के शक्यतेने निघतं हे गेममध्ये दिलेलं असतं. ॲपलने डिसेंबर 2017 पासून आपल्या ॲप स्टोअरवर ही शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. ते पान बारीक अक्षरात का असेना, एकदा बसून वाच.

समज, तुला हवं असलेलं कार्ड 60 पॅकमागे एकदा निघण्याची शक्यता आहे. तुला वाटेल, 60 पॅक उघडले की मिळणारच. तसं नसतं गं. वेगळी हमी दिलेली नसेल तर प्रत्येक पॅक नव्याने नशीब काढतो, मागच्या 59 पॅकची त्याला आठवण नसते. गणित मांडलंस तर दिसेल की 60 पॅक उघडूनही 100 पैकी साधारण 36 जणींच्या हाती ते कार्ड लागत नाही. "आता इतके पॅक झाले, पुढच्यात नक्की" असं मन म्हणायला लागलं की फोन खाली ठेवायचा. पैसे जातात ते नेमके याच वाक्यापाशी.

म्हणूनच नशिबावर अवलंबून नसलेले रस्ते शोध. हार्थस्टोनमध्ये कार्डांच्या एकाच संचाच्या 40 पॅकमध्ये एक लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, कार्ड मिळतंच, आणि नव्या संचाच्या पहिल्या 10 पॅकमध्येही एक ठरलेलं असतं. तेव्हा गेममध्ये खेळून साठवलेलं सोनं खर्च करताना आधी नव्या संचाचे हे पहिले पॅक बघ. तिथं नको असलेली कार्डं मोडून मिळणारी डस्ट वापरून हवं ते कार्ड बनवताही येतं. लेजंडरी बनवायला 1600 डस्ट लागते, पण तेच मोडलं तर 400 च परत येते. म्हणून पहिले काही महिने जादा प्रती सोडून एकही कार्ड मोडायचं नाही. पॉकेटमध्ये प्रत्येक पॅकमागे पाच गुण जमतात आणि ते देऊन त्याच संचातलं कार्ड घेता येतं. साध्या कार्डाला थोडे गुण लागतात, 'ईएक्स' कार्डाला मात्र 500, म्हणजे 100 पॅक. वेळ लागतो, पण तो किती ते आधीच कळतं. धीर धरणाऱ्या मुलीला हे गेम फार उदारपणे देतात.

सुरुवात कशी करायची तेही सांगते. एकच गेम निवड. तीन गेम एकदम धरलेस तर तिन्हीकडे अर्धवट डेक होतील आणि विकत घ्यायचा मोह तिप्पट होईल. मग त्यातही एकच डेक बांध आणि तो नीट ओळखीचा होईपर्यंत बदलू नकोस. हार्थस्टोनमध्ये 'बॅटलग्राउंड्स' नावाचा प्रकार आहे. आठ खेळाडू असतात आणि तुझ्याकडे किती कार्डं आहेत याला तिथं काही अर्थच नसतो. पॉकेटमध्ये शिकण्यासाठी तात्पुरते डेक मिळतात. अशा ठिकाणी हरलीस तर कारण पैशात सापडणार नाही, डावातच सापडेल. खेळ सुधारतो तो असाच.

पैशांचं स्पष्ट बोलू. पॉकेटमध्ये प्रीमियम पास दोन आठवडे मोफत मिळतो आणि मग आपोआप पैसे कापायला सुरुवात होते. घेतलास तर तो रद्द कसा करायचा ते त्याच दिवशी बघून ठेव. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारलीस की पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स दिसतात. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती महिन्यातून एकदा उघडत जा. गेमला आईबाबांचं कार्ड किंवा त्यांचं खातं कधीही जोडायचं नाही. कधी खर्च करावासा वाटलाच तर सिनेमासाठी, चहासाठी बाजूला काढलेल्या पैशातून कर, दिवसाउजेडी, आणि काय मिळणार हे आधी दिसतं अशाच वस्तूवर. रात्री हरल्यावर पॅकवर पैसे टाकायचे नाहीत. मेसचे पैसे आणि रूमभाडं यांच्या वाटेला तर जायचंच नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. ही कार्डं तुझ्या मालकीची नसतात. ब्लिझार्ड आणि नेटईझ या कंपन्यांचा करार संपला, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये चीनमधल्या खेळाडूंसाठी हार्थस्टोन बंद झाला. तो परत सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडलं. हार्थस्टोनच्या 'स्टँडर्ड' प्रकारातून तर दरवर्षी जुने संच बाहेर पडतात. तेव्हा "पैसे गुंतवलेत, वाया जायला नकोत" हा विचार मनात येऊ देऊ नकोस. तिथं गुंतवणूक नसतेच. चित्रांचं वेड असेल तर सावंतवाडीला जा. तिथल्या राजवाड्यात हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा आजही बनतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 पानं असतात. ती विकत घेतलीस तर कायमची तुझी.

टेलिग्रामवर कुणी "दुर्मिळ कार्डांचं अकाउंट स्वस्तात देतो" म्हणालं तर उत्तरही देऊ नकोस. पैसे जातात, आणि अकाउंट मिळालं तरी कंपनी ते बंद करू शकते. "एवढे पैसे लाव, जिंकलीस की दुप्पट" म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी आहे. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्याने मान्यता दिली आहे, त्यामुळे स्पर्धेत उतरायला काहीच हरकत नाही. फक्त कोण भरवतंय ते तपासून उतर.

गेममधल्या नावात खरं नाव, कॉलेज, पेठ यातलं काही घालू नकोस. हार्थस्टोनमध्ये अनोळखी माणसाला ठरावीक वाक्यंच पाठवता येतात, ते बरंच आहे. पण डाव संपल्यावर मैत्रीची विनंती येते आणि ती स्वीकारली की गप्पा सुरू होतात. ज्याला ओळखत नाहीस त्याची विनंती तशीच राहू दे. त्यात उद्धटपणा काही नाही.

वेळेचं म्हणशील तर सूचना आजच बंद कर. बारा तास झाले म्हणून फोनने तुला हाक मारायची नाही, तुला सवड झाली की तू जायचंस. वनाजहून डेक्कनला मेट्रोने जाताना एक छोटा डाव आरामात होतो, तेवढा पुरे. हार्थस्टोनमधली रँक दर महिन्याच्या सुरुवातीला नव्याने मोजली जाते, म्हणून महिनाअखेरीस रात्र रात्र जागणारे असतात. परीक्षेच्या महिन्यात त्या रँककडे बघूसुद्धा नकोस. पुढच्या महिन्यात तीच शिडी पुन्हा लागते, पेपर मात्र एकदाच असतो.

आणि एवढं करूनही कधी पैसे गेले, कुणी फसवलं, तर लाजून गप्प बसू नकोस. फसवणूक असेल तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन कर, कारण जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. मग मला फोन कर. किती वाजलेत ते बघू नकोस. मी रागावणार नाही, "सांगितलं होतं ना" असंही म्हणणार नाही. आपण दोघी बसून काय करायचं ते ठरवू.