पोरक्यांची माउली

आईबाप गेल्यावर दहावे-तेरावे होते, पाहुणेरावळे आपापल्या गावी जातात, आणि मग खरे दुःख घरात येऊन बसते. अशा वेळी पुष्कळ वारकरी आम्हांस विचारतात, "महाराज, आईची सेवा करायची राहूनच गेली हो. आता कुणाची करू?" शोकापेक्षा ही टोचणीच माणसास अधिक जाळते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करू.

शास्त्र सांगते की, मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो. ऋषिऋण अध्ययनाने, देवऋण यज्ञाने आणि पितृऋण संततीने फिटते. यातले मर्म ध्यानी घ्यावे. श्राद्धतर्पण करावेच, ती कृतज्ञता होय. पण आईबापांचे ऋण फिटते ते पुढच्यास दिल्याने. विहिरीचे पाणी उपसून कोणी पुन्हा विहिरीत ओतीत नाही. ते पाटाने पुढच्या वाफ्यास जाते.

याचा दाखला आळंदीतच आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून समाजाने त्या घरास वाळीत टाकले. पुढे देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी देह जळात अर्पण केला, अशी कथा आहे. इंद्रायणीकाठचे सिद्धबेट आजही वारकरी पाहतात. मागे राहिली चार लेकरे.

त्यांनी काय केले, ते बघा. थोरले निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरु झाले; म्हणजे बापाची जागा भावाने घेतली. पुढे लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने दाराबाहेरून त्यांची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग. त्या घडीस धाकटी बहीण आई झाली. आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानदेवांनी ज्यांनी छळले त्यांचे वाईट चिंतिले नाही. पसायदानात त्यांनी सर्व जीवांचे कल्याणच मागितले. नवल हे की, ज्या लेकराची आई लहानपणीच गेली, त्यालाच आज अवघे वारकरी 'माउली' म्हणून हाक मारतात!

तेव्हा आपण काय करावे? रडू आले तर रडावे. कोरडे डोळे म्हणजे वैराग्य नव्हे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. अर्जुनाने आपला विषाद भगवंतापुढे मांडला, म्हणून तोही योग झाला. मग वडिलांचे टाळ खुंटीवर असतील तर ते खाली घ्यावेत आणि त्यांची वारी आपण चालवावी. आई एकादशीस शेजारच्या एखाद्या म्हातारीस फराळ नेऊन देत असेल, तर तो नेम मोडू देऊ नये. भावंडांत थोरल्याने निवृत्ति व्हावे, धाकटीने मुक्ता व्हावे. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी वाटणीवरून तोंडे फिरविणारी भावंडे आईबापांस दुसऱ्यांदा पोरकी करतात, हे स्पष्टच सांगतो.

वारीच्या वाटेवर आपण एकमेकांच्या पाया पडतो आणि 'माउली' म्हणतो. ती नुसती रीत नव्हे. तुझी आई गेली असेल, पण इथे तुला आई पुष्कळ आहेत, आणि तूही कुणाची तरी आई हो, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. राहून गेलेली सेवा करायला जागा इथेच आहे. कुणाचे पाय चेपावेत, कुणास पाणी द्यावे, थकल्याचे ओझे आपल्या डोक्यावर घ्यावे. टोचणी एका दिवसात जाणार नाही. पण हात सेवेस लागले की ती हळूहळू निवते.

ज्यांचे आईबाप अद्याप घरी आहेत, त्यांनी मात्र पुंडलिकाचे चरित्र आजच मनी धरावे. पुंडलिकासाठी देव विटेवर थांबला. आईबाप थांबत नाहीत.

रामकृष्णहरि.